पडतं कोणी घ्यायचं?

मगधात शोण नदीच्या काठी ताडाची बनं होती आणि त्या बनांच्या आधाराने धनुष्यं घडवणारं एक घर होतं. बाप आणि दोन मुलगे. ताड म्हटला की आज आपल्याला ताडगोळे आणि नीरा आठवते, पण त्या काळी ते युद्धाचंही लाकूड होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यं कशाची करावीत हे सांगताना ताडाचं नाव पहिलं येतं. वेळू, लाकूड आणि शिंग त्यानंतर. ताडाच्या धनुष्याला कार्मुक म्हणत. काम, माप, मुदत आणि मजुरी ठरवून शस्त्रागाराने ती कारागिरांकडून करून घ्यावीत, असा दंडक होता.

बाप झाड निवडण्यात फार काटेकोर. ताडाला फळ धरायलाच १२ ते २० वर्षं लागतात, आणि त्याला हवा असे तो त्याहून कितीतरी जुना ताड. साग-आंब्यासारखं ताडाचं खोड वर्षागणिक जाड होत जात नाही, त्यात वलयंही पडत नाहीत. जाडी एकदा ठरली की ठरली. पुढे वयाबरोबर आतले धागे तेवढे कठीण होत जातात. तेही सगळीकडे सारखे नाहीत. सालीलगत काळे, टणक धागे दाटीवाटीने असतात आणि गाभा भुसभुशीत असतो. बुंध्याचं लाकूड वजनदार, शेंड्याकडे जावं तसं हलकं. चढण्यासाठी खाचा पाडलेलं झाड तो बघताक्षणी सोडून देई, कारण ताडाच्या खोडाला झालेली जखम कधी भरून येत नाही.

मुलांना त्याने पहिल्यापासून शिकवलं होतं की धनुष्याच्या पाठीला, म्हणजे सालीकडच्या बाजूला, हत्यार लावायचं नाही. तिथला एक धागा तुटला की ओढताना नेमकं तिथून कुसळ उठतं आणि धनुष्य हातात फुटतं. जे काढायचं ते पोटाकडून, थोडं थोडं, आणि दर वेळी दोरी ओढून बघत.

थोरला हाताने तरबेज, बोलायला तिखट. धाकट्याचं कामही नीट, पण त्याला वाद नको असे. झाड पाडलं की खोडाचे पुरुषभर लांबीचे तुकडे व्हायचे. बुंध्याकडचे थोरला उचलायचा, शेंड्याकडचे उरायचे ते धाकट्याचे. धाकट्याने एकदा विचारलं तेव्हा थोरल्याने आवाज चढवला आणि बाप मध्ये पडला. "अरे, तू समजूतदार आहेस. तूच घे ना जरा पडतं."

धाकट्याने घेतलं. पुढे नदीकडची उजेडाची ओसरी थोरल्याला हवीशी झाली, तेव्हाही घेतलं. पावसाळ्यात माल पोचवायला पाटलीपुत्रापर्यंत चिखल तुडवत जायचं कोणी, हा प्रश्न आला तेव्हाही घेतलं. हलक्या लाकडाची त्याची धनुष्यं शस्त्रागारातून परत यायची, मजुरी कापली जायची, आणि घरी थोरला म्हणायचा, "त्याचा अजून हात बसायचाय." बाप थोरल्याला काही बोलत नसे, उगाच घरात भांडण कशाला? आपल्या घरांतही 'तूच घे पडतं' हे वाक्य असंच सहज निघतं. ज्याच्याकडून भांडणाची भीती नसते, समजूतदारपणा त्याच्याकडेच मागितला जातो, आणि घर शांत आहे असं आपण मानतो.

एक दिवस धाकट्याने बायकोमुलांना घेतलं आणि तो सासुरवाडीला निघाला. तिथे दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणार होता. बाप चकित झाला. "काल रात्री तर काही बोलला नाहीस!"

"आजवर बोललोच कुठे, बाबा?" एवढंच म्हणून तो गेला.

मुदत जवळ आलेली, माणसं दोनच. बापाने अर्धवट घडलेलं एक धनुष्य काढलं, दोरी चढवली आणि थोरल्याला म्हणाला, "मी ओढतो. तू लांबून बघ आणि सांग."

थोरला चार पावलं मागे सरला. "वरची भुजा मधेच दुमडतेय. आणखी ओढाल तर तिथेच मोडेल."

"मग तिला आधार देऊ. तातीचे वेढे देऊन घट्ट बांधू तिथे."

"बाबा, असं कसं बोलता? दोष तिचा नाहीच. खालची भुजा बुंध्याकडची आहे, ती ताठ राहते, जराही वाकत नाही. म्हणून सगळा वाक वरचीवर पडतो. खालची तासा, ती वाकायला लागली की वरची आपोआप सुटेल. तुम्हीच तर शिकवलंत हे."

बापाने दोरी उतरवली. वाकस थोरल्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "लाकडाच्या बाबतीत मी कधी चुकलो नाही. घरात मात्र जन्मभर वरच्याच भुजेला बांधत आलो. तू वाकत नव्हतास, आणि मी दर वेळी त्यालाच सांगत होतो."

थोरला भडकला. त्याने वाकस आपटला आणि दोन दिवस तो बापाशी बोलला नाही. त्याला राग यावा यात नवल नव्हतं. त्याच्याकडून कोणी कधी काही काढून घेतलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने त्या धनुष्याची खालची भुजा तासायला घेतली. थोडं खरवडायचं, ओढून बघायचं, पुन्हा खरवडायचं. संध्याकाळपर्यंत दोन्ही भुजा सारख्या वाकू लागल्या. तो बापाकडे आला आणि म्हणाला, "त्याला आणायला मी जातो."

धाकटा लगेच परतला नाही. भावाचं सगळं ऐकून घेतलं, जेवायला वाढलं आणि म्हणाला, "पुढचं झाड पाडाल तेव्हा येईन, दादा. वाटणी बघेन, मग ठरवेन." भावाच्या तोंडून नकार थोरला पहिल्यांदाच ऐकत होता. तो "बरं" म्हणाला.

पावसाळा संपल्यावर झाड पाडलं. या वेळी थोरल्याने एकेका तुकड्यात पाचरी ठोकून तो उभा चिरला, म्हणजे बुंध्याचंही निम्मं निम्मं झालं आणि शेंड्याचंही. मग तो बाजूला झाला आणि धाकट्याला म्हणाला, "कुठला भाग घेतोस ते आधी तू सांग."

धाकट्याने प्रत्येक फळी उलटीपालटी करून बघितली. भरपूर वेळ लावला. मग त्याने आपल्या फळ्या निवडल्या आणि त्या नदीकडच्या ओसरीवर नेऊन रचल्या.