घुर्ये, आंबेडकर आणि जातीचे कुंपण

विसाव्या शतकात जातिसंस्थेचा मूलगामी विचार करणाऱ्या दोन अभ्यासकांची मुळे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये १८९३ मध्ये तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या मालवणात जन्मले, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे होय. संस्कृतचे विद्यार्थी असलेले घुर्ये केंब्रिजमध्ये रिव्हर्स आणि हॅडन यांच्याकडे मानवशास्त्र शिकून परतले व १९२४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाची सूत्रे हाती घेतली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि मार्क्सवादी अ. रा. देसाई असे भिन्न पिंडाचे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली घडले, यावरून त्या विभागातील मोकळीक लक्षात येते.

‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ (१९३२) या ग्रंथात घुर्ये यांनी श्रेणीबद्धता, खानपानाचे निर्बंध, हक्कांची विषमता, व्यवसायाची बंधने अशी जातीची लक्षणे मांडली आणि नाकाच्या मापांवरून जातीचा वंश ठरवू पाहणाऱ्या रिस्ली यांच्या सिद्धांताची व्याप्ती संकुचित केली. आंबेडकरांनी मात्र त्याआधीच, १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात, अंतर्विवाह, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याचा नियम, हेच जातीचे मर्म मानले होते. ब्राह्मणवर्गाने स्वतःभोवती घातलेल्या कुंपणाचे इतरांनी अनुकरण केले, हा विचार थोड्याफार फरकाने दोघांतही आढळतो.

उपायांबाबत मात्र वाटा फुटतात. जात मोडण्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत हे घुर्ये यांनाही मान्य होते, परंतु जातीनिहाय राखीव प्रतिनिधित्वाने जातिभावना बळावेल, असे त्यांचे मत होते. ही भीती निराधार नव्हती. तरीही ज्यांना पाणवठाही बंद होता त्यांनी विवाहसंबंधांच्या संथ बदलाची वाट पाहावी, ही अपेक्षा वरच्या पायरीवरूनच सुचू शकते.

जातीचे हे कुंपण वस्तीच्या रचनेतही दिसते: दक्षिण कोकणातील गावे वाड्यांत विभागलेली असतात आणि अनेक वाड्यांची ओळख तेथे राहणाऱ्या समाजाच्या नावाने होत आली आहे. अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये घेतला; पाटी बदलता येते, सोयरिकीचे वर्तुळ शासन निर्णयाने बदलत नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात, घुर्ये यांच्या ग्रंथानंतर जवळपास ८० वर्षांनी, देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आढळले.