कित्ता आणि अक्षर

मोठ्या माणसाचा वारसा चालवायचा म्हणजे नेमके काय करायचे? आमच्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत हा प्रश्नच उद्भवत नाही. ड्रॉइंगबरहुकूम जॉब उतरला, की तो पास. केसभर फरक पडला, की रिजेक्ट. कलेचा न्याय मात्र उलटा आहे. तिथे हुबेहूब नक्कलच नापास होते.

अमेरिकेतला चार्ली पार्कर हा जाझ संगीतातला अलौकिक सॅक्सोफोनवादक. आपल्या ख्यालाप्रमाणे जाझमध्येही चौकटीत राहून आयत्या वेळी सूर सुचावे लागतात. पण १९३७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या सतराव्या वर्षात, हाच पार्कर लेस्टर यंग या ज्येष्ठ वादकाच्या तबकड्या ऐकून त्याचे वादन सुरासूर पाठ करीत होता. आपल्याकडे कुमार गंधर्वांनीही बालपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गळ्यात उतरवल्या होत्या. वर्गात मुलांचे अक्षर वळवताना मला वाटते, कित्ता गिरवण्यात कमीपणा नाही. जन्मभर तोच गिरवीत बसण्यात आहे. हे दोघे तसे बसले नाहीत.

पुढे पार्करचाच कित्ता झाला. तरुण वादकांनी त्याच्या ताना उचलल्या आणि पुष्कळांनी त्याचे हेरॉइनचे व्यसनही उचलले. तपश्चर्येपेक्षा दोषाचे अनुकरण फार सोपे! त्यांतलाच एक सनी रोलिन्स. व्यसन सुटले, असे त्याने पार्करला खोटेच सांगितले. खरे कळल्यावर पार्कर फार खिन्न झाला. ते दुःख रोलिन्सच्या मनाला लागले आणि तो उपचारांसाठी दाखल झाला. बरे होऊन पार्करला भेटायचे, ही त्याची उमेद. पण तो तिथे असतानाच, मार्च १९५५ मध्ये, पार्कर वारला. वय अवघे ३४. रोलिन्सने मात्र व्यसन सोडले ते सोडलेच. पुढे १९५९ ते १९६१ या काळात, नाव गाजत असताना, त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकट्याने रियाज केला. स्वतःचे अक्षर शोधण्यासाठीच ना!

पार्करची हुबेहूब नक्कल करणारे पुष्कळ झाले. मला त्याचा खरा वारस वाटतो तो त्याला जे साधले नाही ते साधून दाखवणारा रोलिन्स.

दिवाळीत एका पणतीवरून दुसरी लावताना आपण ज्योत तेवढी घेतो, काजळी घेत नाही. तेल-वात तर जिची तिलाच असावी लागते.