मुक्त म्हणून आले

१८२८ साली न्यू साउथ वेल्स या इंग्रज वसाहतीत जनगणना झाली. आपण या भूमीवर कोणत्या नात्याने आलो, हे प्रत्येकास सांगावयाचे होते. उत्तरांचे प्रकार ठरलेले होते : मुक्त म्हणून आलेला, येथेच जन्मलेला, शिक्षा भोगून मुक्त झालेला, अद्याप कैदी. सिडनीतील एका धनाढ्य विधवेने सांगितले, ‘१८२१ साली मुक्त म्हणून आले.’ तिचे नाव मेरी रीबी.

उत्तर खरे होते आणि नव्हतेही. १८२० साली ती मुलींसह इंग्लंडला गेली आणि पुढल्या वर्षी परतली, तेव्हा ती मुक्तच होती. परंतु त्या किनाऱ्यावर तिचे पाऊल प्रथम पडले ते १७९२ च्या ऑक्टोबरात, ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजातून, कैदी म्हणून. लँकशायरमधील बरी गावची ही पोरकी मुलगी आजीजवळ वाढली. तेराव्या वर्षी, मुलाचा वेश करून आणि जेम्स बरो हे नाव धारण करून फिरत असता, घोडा चोरल्याबद्दल ती पकडली गेली. १७९० साली स्टॅफर्डच्या न्यायालयाने तिला सात वर्षांचे काळे पाणी फर्मावले. घोडेचोरीला तेव्हा फाशीही होत असे. तेव्हा ही दयाच म्हणावयाची! मात्र शिक्षा संपल्यावर परतीचे भाडे सरकार देत नसे. १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात धाडलेल्या दीड लाखाहून अधिक कैद्यांत सुमारे २५,००० स्त्रिया होत्या. त्यांतील किती जणींची सात वर्षे खरोखर सातच ठरली असतील?

१७९४ साली तिने टॉमस रीबीशी विवाह केला. तो पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. १८११ मध्ये तो वारला. पदरी सात मुले, आणि जहाजे, वखारी, देणी-घेणी यांचा पसारा. तो तिने नुसता सांभाळला नाही, वाढवला. १८१७ साली वसाहतीतील पहिली बँक सुरू झाली ती तिच्याच मालकीच्या घरात.

मग अशा स्त्रीने भूतकाळ का लपवावा? गव्हर्नर मॅक्वारी यांनी मुक्त झालेल्या कैद्यांना आपल्या पंक्तीला बसवले होते. पण १८२२ साली ते गेले. स्वतःस कुलीन समजणाऱ्यांना पूर्वीच्या कैद्यांची सावलीही नकोशी होती. शिक्षेची सात वर्षे तर केव्हाच सरली होती, पण हा डाग किती वर्षांचा, हे कोणत्याच निकालपत्रात लिहिलेले नसते.

सेमिनरीत आम्हांला शिकवले गेले की, असत्य न बोलताही सत्याचा काही भाग मनात राखून ठेवता येतो. त्या युक्तिवादाने मेरीची सुटका करणे सोपे आहे. मला ते रुचत नाही. विचारणाऱ्याची दिशाभूल व्हावी हाच तिचा हेतू होता. पण त्याच वर्गात हेही शिकवले होते की, दुसऱ्याचा खरा दोषदेखील विनाकारण उघड करणे हे पाप आहे. पहिला धडा आपण परीक्षेसाठी पाठ करतो. दुसरा, वाटते, वर्गाबाहेर पडताच विसरतो.

१८५५ साली मेरी वारली. १९९४ पासून ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. जे तिने कागदावर येऊ दिले नाही, ते आता तिथली शाळकरी मुलेही कौतुकाने सांगतात. तिला हे आवडले असते की नाही, मी सांगू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीच्या सोयरिकीसंबंधी माझ्याकडे आले होते. मुलगा कष्टाळू होता. कोवळ्या वयात चोरीपायी काही महिने तुरुंगात राहून आलेला. ही गोष्ट गावात दोघातिघांनाच ठाऊक होती. “फादर, मुलाचं काही कमीजास्त तर नाही ना?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “त्याला घरी बोलवा, समोर बसवा, आणि जे विचारायचं ते त्यालाच विचारा.” ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग छत्री उचलून निघून गेले. माझ्या त्या उत्तराने मुलाचे रक्षण केले की घात, हे मला आजही उमगलेले नाही.