आधी भिंत पाहा, मग भागाकार करा

वह्या मिटा. कॅल्क्युलेटर बाकाच्या आत ठेवा. आज ते लागणार नाही, कान लागणार आहेत.

तुम्हाला एकच भिंत दिली होती. दोन कॉलमच्या मधली, वर बीम, मध्ये एक दार आणि एक खिडकी. ३९० × १९० × १९० मिलिमीटरचे भरीव काँक्रीट ब्लॉक, सांधा १० मिलिमीटरचा. किती ब्लॉक मागवाल, एवढाच प्रश्न होता. अर्ध्याहून जास्त वह्यांत उत्तर आहे १५८. एवढ्या वह्यांत एकच चूक सारखी कशी आली, हे मला समजतं. पण कॉपीबद्दल मी आज बोलणार नाही. ज्यानं स्वतः गणित केलं आणि ज्यांनी त्याचं उतरवलं, त्यांच्यापैकी कुणीच भिंत पाहिलेली नाही. माझा राग त्याचा आहे.

बरोबर उत्तर ८१ आहे. आता हे १५८ आलं कुठून, ते एकेक करून बघू. कुणी मान खाली घालायची नाही, फळ्याकडे बघायचं.

लांबी तुम्ही ४.१ मीटर धरलीत, कारण नकाशावर तोच आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. तो एका कॉलमच्या मध्यापासून दुसऱ्या कॉलमच्या मध्यापर्यंतचा आहे. कॉलम ३०० मिलिमीटरचे. म्हणजे त्यांच्यामधली मोकळी जागा ३.८ मीटर. उंची धरलीत ३ मीटर, ती स्लॅबपासून स्लॅबपर्यंतची. वरचा ४०० मिलिमीटरचा बीम कुठे गेला? बीमच्या आत गवंडी ब्लॉक कसे लावणार आहे? नकाशाच्या दुसऱ्या पानावर बीमचं माप होतं. पान उलटायचे कष्ट घेतले असते तर उंची २.६ मीटर आली असती. १२.३ चौरस मीटरची भिंत तिथेच ९.८८ ची झाली असती. कागदावरच्या दोन आकड्यांचा गुणाकार करायला इंजिनियर लागत नाही. कुठला आकडा घ्यायचा, हे कळायला लागतो.

पुढे दार आणि खिडकी. दार ०.९ × २.१, खिडकी १.२ × १.२, दोन्ही मिळून ३.३३ चौरस मीटर. तुम्ही वजा केलेत १.६६५. का? तर म्हणे अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा एकाच बाजूनं वजा करायची. अरे, तो नियम गिलाव्याचा आहे! गिलावा भिंतीच्या दोन्ही बाजूंना असतो. दाराच्या आणि खिडकीच्या कडांच्या आतही गिलावा करावा लागतो, त्याचं वेगळं माप कोण घेत बसणार, म्हणून एक बाजू वजा करायची आणि दुसरी त्या कडांच्या मोबदल्यात ठेवायची. त्या नियमाला डोकं आहे. तुम्ही ते डोकं काढून फक्त नियम उचललात आणि ब्लॉकवर चिकटवलात. दाराच्या पोकळीत अर्धे ब्लॉक असतात का? बांधकामात ०.१ चौरस मीटरपर्यंतचं भोक सोडून द्यायचं असतं, एखाद्या पाइपाचं किंवा छोट्या झरोक्याचं. त्याहून मोठं जे काही असेल ते पूर्ण वजा होतं. आणि दारावरचं, खिडकीवरचं लिंटेल? ते काँक्रीटचं आहे, दोन्हीकडे १५० मिलिमीटर भिंतीत शिरतं. दाराचं १.२ मीटर, खिडकीचं १.५ मीटर, जाडी १५०. चार दशांश चौरस मीटर तेही गेलं. १५८ वाल्या एकाही वहीत लिंटेल नाही. तुमच्या वहीतली खिडकी वरच्या ब्लॉकांचा भार कशावर घेणार होती?

निव्वळ भिंत उरली ६.१४५ चौरस मीटर. आता ब्लॉक. ०.३९ × ०.१९ असा ब्लॉकचा चेहरा घेऊन तुम्ही भागलंत आणि चौरस मीटरला साडेतेरा ब्लॉक काढलेत. सांधा धरला असता तर ०.४० × ०.२० झालं असतं आणि चौरस मीटरला साडेबारा आले असते. आठ टक्क्यांचा फरक इथेच पडला. ब्लॉकवर ब्लॉक कोरडे रचून भिंत उभी राहते, असं तुमच्या भागाकाराचं म्हणणं आहे. आणि गंमत म्हणून नाही, खरोखर चीड येते ती पुढच्या पानावर. तिथे तुम्ही मसाला काढलाय, भिंतीच्या घनफळाच्या ३० टक्के! ब्लॉक मोजताना सांधा शून्य, आणि मसाला मोजताना विटेच्या बांधकामाचा ठोकताळा. वीट लहान, तिला सांधे जास्त. ब्लॉक मोठा, त्याला सांधे कमी, म्हणून तर लोक ब्लॉक वापरतात. एक चौरस मीटर भिंत १९० जाडीची म्हणजे ०.१९ घनमीटर, त्यात साडेबारा ब्लॉकांचं घनफळ ०.१७६. उरला ०.०१४ घनमीटर ओला मसाला, म्हणजे साडेसात टक्केही नाही. १:६ च्या मसाल्याला तुमच्या हिशोबानं त्या एका भिंतीला अडीच पोती सिमेंट लागतं. खरं लागतं अर्ध्या पोत्याच्या आसपास. पाचपट! ही वही एखाद्या मालकाच्या हातात पडली असती तर?

मग शेवटी सगळ्यावर १० टक्के वेस्टेज. कशासाठी? विचारलं की उत्तर ठरलेलं: सर, सेफ साइड. हे दोन शब्द माझ्या वर्गात पुन्हा ऐकायला नकोत. तुम्ही आधीच दुपटीच्या जवळ गेलेले आहात, आणि वरून दहा टक्के लावून स्वतःला सुरक्षित समजता. वेस्टेज म्हणजे ट्रकमधून उतरवताना फुटलेला ब्लॉक, छिन्नी चुकली म्हणून वाया गेलेला तुकडा. तुम्हाला जे मोजता आलं नाही, ते झाकायची ती चादर नाही. मी पाच टक्के धरले, ७७ वर, आणि ८१ आले.

सेफ साइड कुणाची, तेही आज ऐकाच. काँक्रीट ब्लॉकचं भारतीय मानक आयएस २१८५, त्याप्रमाणे भरीव ब्लॉकची घनता घनमीटरला १८०० किलोपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे हा एक ब्लॉक पंचवीस किलोच्या खाली भरणार नाही. तुमचे एका भिंतीचे ७७ जादा ब्लॉक म्हणजे जवळजवळ दोन टन. अशा तीस भिंतींच्या मजल्यावर हा आकडा पन्नास टनांच्या पुढे जातो. हे ब्लॉक डोक्यावरून वर नेणारी बाई तुमचं नाव घेत नाही, कारण तिला ते माहीत नसतं. पण ती खेप तिनं तुमच्यामुळे घातलेली असते, आणि उरलेले ब्लॉक खाली आणायची खेपही. तोपर्यंत ते कुठे राहतात? स्लॅबवर. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भारावर बेतलेला असतो. मीटरभर उंचीची ब्लॉकची थप्पी चौरस मीटरला १८०० किलो देते. नऊ पट. ताज्या स्लॅबवर, टेकू काढल्यावर, खोलीच्या बरोबर मधोमध. ही तुमची सेफ साइड.

आता जे चौघे कमी मागवून बसले आहेत, त्यांनी हसू नये. तुमच्याकडे दहा टक्के वेस्टेज धरूनही ६५ आले, कारण तुम्ही खिडकी दोनदा वजा केलीत. तुमचा दोष जास्त गंभीर आहे. ब्लॉक कमी पडले की गवंडी रिकामा बसतो, मुकादम फोन करतो, आणि फॅक्टरीतून जे मिळेल ते येतं. काय येतं? गेल्या आठवड्यात पाडलेला ओला ब्लॉक. त्याच आयएसमध्ये लिहिलंय की ब्लॉकला किमान चौदा दिवस पाणी मारायचं आणि मग चार आठवडे वाळू द्यायचा, तेव्हा कुठे तो भिंतीत घ्यायचा. हे वाळवणं उगाच नाही. काँक्रीट वाळताना आकसतं. ते आकसणं फॅक्टरीच्या आवारात होऊ दे, भिंतीत नको. तुमची १६ ब्लॉकांची तूट भागवायला आलेला कच्चा ब्लॉक कॉलम आणि भिंतीच्या सांध्यात चीर पाडतो. वर्षभरानं घरमालक ती चीर दाखवतो, ठेकेदार गवंड्याला बोलतो, गवंडी सिमेंटला बोलतो. वहीतल्या वजाबाकीकडे कुणी बोट दाखवत नाही, म्हणून मी दाखवतोय.

आणि एवढं करूनही ८१ हा आकडा मला पुरेसा नाही, हे लक्षात घ्या. क्षेत्रफळाला भागल्यानं ब्लॉक किती ते कळतं, भिंत कशी बसणार ते कळत नाही. ३.८ मीटरच्या थरात साडेनऊ ब्लॉक बसतात. म्हणजे प्रत्येक थरात एक अर्धा ब्लॉक, सांधेमोड राखायला एका थरात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. २.६ मीटर उंचीत बरोबर तेरा थर. ही भिंत निदान पुऱ्या थरांत बसते, तुमच्या नशिबानं. पण दार ०.९ चं, म्हणजे सव्वादोन ब्लॉक, आणि २.१ मीटर उंची म्हणजे साडेदहा थर. दाराच्या कडेला गवंडी काय करणार? हातोडीनं फोडणार. भरीव ब्लॉक हातोडीनं सरळ फुटत नाही, अर्धा मागितला की दोन तुकडे आणि चुरा मिळतो. आयएसमध्ये अर्ध्या लांबीचे ब्लॉकही सांगितलेले आहेत. ते वेगळे मागवायचे असतात, वेगळ्या ओळीत लिहायचे असतात. एकाही वहीत ‘अर्धे ब्लॉक’ असा रकाना नाही. थरांचं चित्र काढलं असतं तर तो आपोआप पडला असता. तीन मिनिटांचं पेन्सिलीचं काम होतं.

आणि कुणीही विचारलं नाही, की सर, ब्लॉक खरंच ३९० चा आहे का? आपल्याकडच्या कितीतरी फॅक्टऱ्या पुरा ४०० × २०० चा ब्लॉक पाडतात. मग सांध्यासह ४१० × २१० होतं, चौरस मीटरला साडेअकराच्या आसपास ब्लॉक येतात, आणि तुमचे तेरा थर बीमखाली मावत नाहीत. गवंड्याकडून ‘आठ इंची’ ऐकून यायचं आणि कोष्टकातून आकडा काढायचा, असं चालणार नाही. तो आठ इंची म्हणतो ती जाडी, आणि तीही नावाची. गवंड्याचं चूक नाही, त्याचं काम हातातल्या ब्लॉकवर चालतं. तुमचं कागदावर चालतं, म्हणून तुम्हाला टेप लावावा लागतो. आयएस लांबीला पाच आणि उंची-रुंदीला तीन मिलिमीटरची सूट देतं. एकाच थप्पीतले दहा ब्लॉक शेजारी ठेवून मोजलेत तर सांधा दहाचा राहणार की पंधराचा होणार, हेही कळेल.

सगळ्यांच्या वह्या परत देतोय. एकालाही गुण दिलेले नाहीत. शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या मागे कंपाउंडच्या कामाला ब्लॉक उतरलेत, तिथे या. टेप आणि चौकटीची वही आणा, कॅल्क्युलेटर नको. दहा ब्लॉक मोजायचे, सरासरी काढायची. मग याच भिंतीचे तेरा थर एकेक ब्लॉक काढून दाखवायचे, दार, खिडकी, लिंटेल आणि अर्धे ब्लॉक वेगळ्या रंगानं. पुरे ब्लॉक किती, अर्धे किती, कापलेले किती, तीन वेगळ्या ओळी. मसाला त्याच चित्रातल्या सांध्यांवरून. आणि ज्यांच्या वहीत १५८ आहे, त्यांनी खाली प्रत्येक चुकीपुढे लिहायचं की त्या चुकीनं किती ब्लॉक वाढले. बेरीज ७७ यायला हवी.