निर्णय आपला, जखम तिची



गळ्यात तुळशीची माळ आहे, जिन्याखाली भाटीची पिल्ले आहेत, आणि प्राण्यांचे डॉक्टर सांगतात की पिल्ले चार-पाच महिन्यांची झाली की शस्त्रक्रिया करून घ्या, म्हणजे पुढची वीण थांबेल. अशा वेळी माळकऱ्याने काय करावे? आमच्या खांदेश्वरात हरिपाठ आटोपल्यावर हा प्रश्न मला पुष्कळ माउलींनी विचारला आहे. जन्म देणारा तो जगन्नियंता. त्याच्या कामात आपण मध्ये पडणारे कोण? एका मुक्या जीवाचे आईपण कायमचे काढून घेणे हे पाप नव्हे काय?

प्रश्न खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये.

आधी वस्तुस्थिती पाहू. खांदेश्वर म्हणजे मानसरोवर आणि पनवेल या स्थानकांमधले ठिकाण. तलावाकाठी महादेवाचे देऊळ, आणि भोवती सिडकोच्या वसाहती. इथली मांजरे रानात राहत नाहीत. ती गाड्यांच्या खाली, मासळीवाल्यांच्या पाट्यांभोवती, कचऱ्याच्या डब्याशी राहतात. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, म्हणजे ती स्वतःच पिल्लू असताना. गाभणपण साधारण नऊ आठवड्यांचे. वर्षाकाठी दोन-तीनदा ती विऊ शकते. त्या पिल्लांतली काही चाकाखाली जातात, काही कुत्र्यांच्या तोंडी, काही आषाढातल्या पावसात गारठून. हे तुम्ही सकाळी दूध आणायला जाताना पाहिलेले आहे.

रानातल्या जनावराचे देव पाहील असे म्हणता येते. पण जिला आपण आपल्या वस्तीत सामावून घेतले, आपल्या उष्ट्यावर वाढवले, तिच्या पिल्लांचे मरण मात्र देवावर सोपवायचे, हा न्याय मला पटत नाही. म्हणून शस्त्रक्रियेला मी पाप म्हणत नाही.

पण माउली, इथेच थांबून टाळ खाली ठेवू नका. मी तिला पुण्यही म्हणत नाही. त्या पिल्लाने आपल्याला काही मागितले नव्हते. त्याला भूल देतात, पोटाला लहानसा छेद घेतात, गर्भाशय आणि बीजांडकोश काढतात, टाके घालतात. पिल्लू शुद्धीवर येते तेव्हा त्याला एवढेच कळते की दुखते आहे. यात त्याचे हित आहे हे खरे. पण आपली सोयही आहे. रात्रीचे ओरडणे थांबते, घाण कमी होते, सोसायटीची तक्रार मिटते. जिथे आपली सोय मिसळली, तिथे पुण्याचा हिशोब मांडू नये. तिथे ऋण मांडावे. निर्णय आपण घेतला, जखम तिच्या पोटावर झाली. ते ऋण पुढच्या दहा ते चौदा दिवसांत फेडायचे असते.

महिपतींच्या भक्तविजयात राका कुंभाराची कथा आहे. कच्च्या मडक्यात मांजरीने पिल्ले घातली होती आणि भट्टी पेटवली गेली. मांजरी भट्टीभोवती ओरडत फिरू लागली, तेव्हा राकाच्या ध्यानात आले. ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणून तो घरात जाऊन निजला नाही. त्याने विठ्ठलाचा धावा केला, सर्वस्वावर पाणी सोडायची तयारी केली. शेवटी ते मडके कच्चेच राहिले आणि पिल्ले जिवंत निघाली. चमत्काराची गोष्ट आपण मोठ्या आवाजात सांगतो. मला मात्र त्या कथेत भट्टीपाशी उभा राहिलेला कुंभार अधिक मोठा वाटतो. जाळ आपल्या हातचा असेल, तर पाय तिथून हलता कामा नये.

आता हे उभे राहणे म्हणजे काय, ते सांगतो. पिल्लाला रिकाम्या पोटी किती तास ठेवायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे. मोठ्या मांजराइतका उपवास लहान जीवाला सोसत नाही. घरी आणल्यावर पहिली रात्र त्याला ऊब हवी, कारण भुलेनंतर अंग गार पडते. जागा जमिनीलगत, अंधारी, निवांत हवी. बरोबरचे भावंड त्या दवाखान्याच्या वासाने बिचकून फिस्कारते, म्हणून एक-दोन दिवस वेगळे ठेवावे. मातीच्या जागी कागदाचे तुकडे घालावेत, टाक्यांत कण जात नाहीत. सकाळ-संध्याकाळ जखम पाहावी. सूज, पाणी किंवा दुर्गंधी दिसली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, दिवसभरात अन्नाला तोंड लावले नाही, तर थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावे. हळद भरू नये, आंघोळ घालू नये. आणि आपल्या डब्यातली तापाची गोळी चुकूनही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे आहे.

कठीण भाग पुढेच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लू उड्या मारू लागते. त्याला वाटते आपण बरे झालो. वरची कातडी जुळलेली दिसते, आतले टाके अजून ओले असतात. म्हणून त्याला कोंडावे लागते. जखम चाटू नये म्हणून गळ्यात ती शंकूसारखी कॉलर घालावी लागते. ते दारावर पंजे घासते, केविलवाणे ओरडते, आणि घरातल्या कोणाला तरी दया येऊन तो दार उघडतो. सज्जनहो, ही दया त्या पिल्लाच्या कामाची नाही. ओरडणे आपल्याला ऐकवत नाही म्हणून आपण दार उघडतो, म्हणजे आपलेच दुःख शमवतो. साधकाचेही असेच आहे. चार दिवस मन निवले की त्याला वाटते विकार गेला. सद्गुरू मात्र बांधून ठेवतात, कारण आतले टाके त्यांना दिसत असतात.

आणखी एक अडचण माळकऱ्यांना येते. मांजर हा मांसाहारी जीव आहे. दहीभातावर त्याचे शरीर भरून येत नाही. दूधही पुष्कळ मांजरांना पचत नाही, आणि टाके असताना जुलाब झाले तर हाल होतात. मग माळकऱ्याच्या घरात उकडलेला मासा आणायचा का? माझे मत विचाराल तर, माळ आपल्या गळ्यात आहे, मांजराच्या नाही. आपला नियम आपल्या जिभेला. ज्यांना हात लावणे जड जाते, त्यांनी मांजराचे तयार खाद्य वापरावे, वेगळी ताटली ठेवावी. पण जखमी जीवाला आपल्या व्रतापायी उपाशी ठेवू नये.

आणि दिवस पाहून शस्त्रक्रिया करावी. मुहूर्त पाहायला सांगत नाही. आपली सवड पाहायला सांगतो. वारीला निघायच्या आदल्या आठवड्यात टाके घालून घ्यायचे आणि पिल्लू शेजारणीच्या गळ्यात घालून दिंडीत नाचायचे, हे शोभत नाही. शस्त्रक्रिया वारीनंतर करा. ती आधीच झाली असेल आणि पाहणारे विश्वासाचे माणूस नसेल, तर त्या वर्षी वाट घरूनच चाला. आपल्या संप्रदायाचा पाया कशावर आहे? पुंडलिकाची आईबापांची सेवा चालू होती, म्हणून त्याने दारी आलेल्या देवाला थांबायला सांगितले, उभे राहायला वीट दिली. देव रागावला नाही. तो अजून उभा आहे. मांजर म्हणजे आईबाप नव्हेत, हे मला कळते. पण हाती घेतलेली सेवा अर्धी टाकून आलेला भक्त त्याला आवडेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा विचारणाऱ्या माउलींना माझे सांगणे एवढेच. दवाखान्याची वेळ ठरवण्याआधी घरात बसून ठरवा: पहिली रात्र कोण जागेल, औषधाची वेळ कोण सांभाळेल, दहाव्या दिवशी टाके दाखवायला कोण नेईल. तीन नावे निघाली तर खुशाल न्या. नावे निघाली नाहीत, तर पाप-पुण्याची चर्चा तूर्त बाजूला ठेवून आधी ती माणसे जोडा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.