राखणे आणि रेखणे

आपल्या बालाघाट-गोंदिया पट्ट्यातल्या माणसाला दोन भाषा येतात, आणि दोन भाषा येणाऱ्याला एका भाषेतला शब्द दुसरीच्या शेजारी ठेवून पाहण्याची खोड लागते. हिंदीत गुराखी ढोरे 'चराता' है. मराठीत तो गुरे 'राखतो'. चारणे हा शब्द आपल्याकडेही आहे, पण गुराख्याच्या कामाला आपण राखणेच म्हणतो. चरण्याचे काम शेवटी जनावरच करते. राखणे मात्र माणसाला करावे लागते. त्यात मोजदाद आली, लंगडणारे जनावर ओळखणे आले, संध्याकाळी आखरावर एक गाय कमी दिसली तर अंधारात परत रानात जाणे आले. या 'राखणे'ची एक मात्रा पुसून दुसरी दिली की 'रेखणे' होते. चित्रकार जनावर रेखतो. दोघेही तासन्‌ तास त्याच जनावराकडे पाहत असतात. मग या दोन पाहण्यांत फरक तो कोणता? आणि रेखणाऱ्यावर राखण्याचे काही ऋण चढते का? मला हा प्रश्न केवळ कलेचा वाटत नाही, नीतीचा वाटतो.

उन्हाळ्यात शेते मोकळी झाली की शहरातले चित्रकार खेड्याकडे येतात. ही रीत जुनी आहे आणि चांगली आहे. बाघ नदीचे पात्र मे महिन्यात आटून नुसत्या डोहांचे होते, डोहात म्हशी नाकापर्यंत बुडून बसतात, काठावरच्या मोहाखाली शेळ्या दाटीने उभ्या राहतात. बारा महिने हेच पाहणाऱ्या आम्हा लोकांना त्यात चित्र दिसत नाही. पाहुण्याला ते दिसते, आणि त्याने दाखवले की आम्हालाही दिसू लागते. म्हणून 'दोन महिन्यांचा पाहुणा, त्याला काय कळते' असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. प्रश्न वेगळा आहे. पाहुणा परत जातो तेव्हा म्हशीचे रूप त्याच्या गाठोड्यात असते आणि म्हैस इथेच राहते. तिचा चारा, तिचे पाणी, तिचा आजार हे सगळे इथल्याच कुणाच्या तरी माथी असते.

एम.ए.च्या वर्गात सौंदर्यशास्त्र शिकलेल्यांना कांट आठवेल. १७९० च्या आपल्या ग्रंथात त्याने सांगितले की, सुंदर वस्तूचा शुद्ध आस्वाद घेताना त्या वस्तूच्या असण्यानसण्यात आपले काही गुंतलेले नसावे. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे हा विचार मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा झाला. भूक लागलेल्याला फळाचा रंग नीट दिसत नाही, हे कांटचे म्हणणे खरेच आहे. बाजारात म्हैस घेणाराही तिची कास बघतो, तिच्या पाठीवरचे ऊन बघत नाही. पण हाच नियम गुराख्याला लावून पाहा. म्हैस आहे की नाही यात त्याचे सर्वस्व गुंतलेले असते. म्हणून त्याचे पाहणे अशुद्ध ठरवायचे काय? कांटपुढे फूल होते, तारांकित आकाश होते. सकाळ-संध्याकाळ दावणीला बांधलेले जनावर त्याच्यासमोर असते तर त्याने काय लिहिले असते, असा एक उगाचच विचार माझ्या मनात येतो.

युरोपातच एक चित्रकर्ती अशी होऊन गेली की जिने हे दोन्ही साधले. रोझा बोनर (१८२२–१८९९). फ्रान्सच्या निव्हेर्ने भागातली नांगरट दाखवणारे तिचे १८४९ सालचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात दोन लांबलचक माळांनी जुंपलेले बैल आहेत. ओल्या मातीचे उलटलेले ढेकूळ आहेत. आणि माणूस बैलांपुढे जवळजवळ हरवलेला आहे. आपल्याकडचा नांगऱ्या हे चित्र पाहील तर आधी खांदे बघेल, मग खूर बघेल, आणि मान डोलावील. हे ज्ञान तिने एका उन्हाळ्यात मिळवलेले नव्हते. जनावराची हाडे समजावीत म्हणून ती पॅरिसच्या कत्तलखान्यांत जाऊन बसे. तिथे आणि घोडेबाजारात बाईच्या वेषात वावरणे अवघड, म्हणून पुरुषी कपडे घालण्याची परवानगी तिने पोलिसांकडून काढली होती. पैसा मिळाल्यावर तिने फोंतेनब्लोच्या अरण्याजवळ मोठे घर घेतले आणि ते जनावरांनी भरून टाकले. त्यात सिंहसुद्धा होते. ज्यांना रेखायचे त्यांना राखायचेही, हा तिचा क्रम. अर्थात हे करायला हाती पैसा लागतो, आणि पाळलेला सिंह सुखात होता का, हे त्या सिंहालाच ठाऊक.

परंतु राखल्याशिवाय रेखू नये असा नियम केला तर तो अन्यायाचा होईल. काही वर्षांपूर्वी नागपूरचा एक तरुण चित्रकार मे महिन्यात आमच्या भागात नातेवाइकांकडे राहायला आला होता. लग्नसराईचे दिवस, बैल गाडीला जुंपलेले असायचे. उरलेल्या वेळात शेणखत वाहायचे. त्याने एका बांड्या बैलाचे जलरंगात चित्र केले. मानेजवळ, जू बसते तिथे, त्याने तांबूस-जांभळी छटा दिली होती आणि तिच्यावर तो स्वतःच खूश होता. चित्र पाहायला गाव जमले. त्यात एक म्हातारा ढोरकी होता. तो बराच वेळ पाहून म्हणाला, "याचा खांदा आला जी. आठ रोज याले जुपू नोका." लोक हसले. बैलाच्या मालकाने गोठ्यात जाऊन हात फिरवला तेव्हा खांदा खरोखरच सुजून गरम झालेला होता. दुसऱ्या दिवसापासून बैल सुटा ठेवला, वर हळदीचा लेप लावला.

या प्रसंगाचे श्रेय कुणाला द्यावे? चित्रकाराला आपण काय रंगवले ते माहीत नव्हते. मालक रोज जू ठेवत होता, त्याला दिसले नव्हते. ढोरक्याला कळले, पण चित्रात पाहून कळले. उन्हाळ्यात ढोरे मोकाट सुटतात, त्यामुळे तो बैल त्याच्या नजरेखालून गेलेलाच नव्हता. माझे मत असे की, चित्रकाराच्या प्रामाणिक डोळ्याने इथे आपले ऋण न कळत फेडले. त्या ठिकाणी त्याने बैल 'सुंदर' करण्यासाठी तपकिरी रंग सारखा फिरवला असता तर खांदा चिघळला असता. खोटे रेखणे हा जनावरावर केलेला अपराधही असू शकतो, हे मला त्या दिवशी पटले. गुबगुबीत गाय आणि बासरीवाला गुराखी छापणाऱ्या कॅलेंडरांबद्दल तेव्हापासून मला जरा तिटकाराच वाटतो.

उलट दिशेचा प्रवास करणारा माणूसही आपल्या शेजारचाच. बैहरचा घाट ओलांडून मंडल्यापुढे गेले की डिंडोरी जिल्हा लागतो (नाशिककडचे दिंडोरी नव्हे). तिथल्या पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान गोंड. व्हेरियर एल्विन एके काळी ज्या गावात राहिला तेच हे पाटणगढ. जनगढने शाळा सोडून म्हशी राखल्या होत्या. १९८१ च्या सुमारास जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनासाठी खेडोपाडी माणसे पाठवली, तेव्हा त्याने भिंतीवर काढलेली चित्रे त्यांच्या नजरेस पडली. पुढे तो भोपाळला आला, कागद आणि शाई त्याच्या हाती पडली, आणि हरणे, वाघ, साप, पक्षी ठिपक्यारेघांनी भरून अवतरू लागले. त्याच्या हरणाची शिंगे झाडासारखी फुटत जातात. १९८९ मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीही त्याने रंगवल्या. जुलै २००१ मध्ये, चाळिशीच्या आसपास, जपानमधल्या एका संग्रहालयात चित्रे काढायला गेला असताना त्याने आत्महत्या केली. कारणांविषयी अनेकांनी अनेक तर्क केले. मी त्यांत भर घालणार नाही. एवढेच म्हणतो की, खेड्यातल्या जनावरांवर प्रेम करणाऱ्या जगाने ती जनावरे रेखणारा माणूस दूर नेला आणि त्याला कोण राखतो आहे हे पाहिले नाही.

त्याचाच पुतण्या भज्जू श्याम. भोपाळमध्ये रात्रपाळीची पहारेदारी केलेला हा मुलगा लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेला आणि परतल्यावर त्याने तो प्रवास चित्रांत मांडला. २००४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्यात लंडनचे प्रसिद्ध मोठे घड्याळ कोंबडा झाले आहे, कारण गोंडांना वेळ कोंबडा सांगतो. आणि रोज न चुकता भेटणारी बस इमानी कुत्रा झाली आहे. शहराचा चित्रकार खेड्यात येऊन जनावरात चित्र पाहतो. खेड्याचा चित्रकार शहरात जाऊन यंत्रात जनावर पाहतो. मला दुसरा अधिक सुखी वाटतो. परक्या गावात त्याला निदान सोबत तरी मिळाली. भज्जूला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आमच्या शेतकऱ्याकडे मात्र कागद नसतो. तो जनावराचे चित्र काढत नाही, जनावरालाच रंगवतो. पोळ्याला बैलाची शिंगे घासून रंग लावतो, बेगड चिकटवतो, अंगावर हाताचे छापे उठवतो. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनात गाईंना न्हाऊ घालून, रंगवून खिचडी भरवतो. त्या रंगाची किंमत कुणी करत नाही आणि तो टिकावा असा आग्रहही नसतो. कांटला मी इथे आणून उभा केला असता. वर्षभर ज्याच्या पाठीवर आसूड पडला त्याच्या शिंगाला एक दिवस सोनेरी बेगड लावणे, हे सौंदर्य म्हणायचे, क्षमा मागणे म्हणायचे की हिशेब मिटवणे? शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, रीत आहे. आता ट्रॅक्टर आले, कापणीची यंत्रे आली, बैलजोड्या कमी झाल्या. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल पुष्कळ दिसतात, खरे विरळ.

आणि ज्याने पिढ्यान्‌ पिढ्या गावाची ढोरे राखली त्या गोवाऱ्याकडे कुणी पाहिले? जनावरामागे ठरलेले पायलीभर धान आणि दिवाळीला ढालीपुढे ओवाळणी, एवढाच त्याच्याशी गावाचा व्यवहार होता. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर मोर्चा घेऊन गेले. चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, त्यात बायका आणि मुले पुष्कळ होती. दिवाळी होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कायद्याची बाजू न्यायालयाने ठरवली. तिच्याबद्दल मी बोलत नाही. पण गाय आणि कृष्ण यांची लाखो चित्रे घरोघर लावणाऱ्या आपल्या समाजाला, गाय राखणारा माणूस ११४ च्या आकड्यातून प्रथम दिसला, याला काय म्हणावे? त्या दिवसाचे साधे, खरे, बेगड न लावलेले चित्र कुणी आमच्या गावातल्या भिंतीवर काढले तर मी भिंत द्यायला तयार आहे.

यंदा पाडव्याला ढाल नाचवणाऱ्यांत आमच्या शाळेतला आठवीचा एक मुलगा आहे. चित्रकलेच्या वहीत गायगोधन काढले तर चालेल का, असे तो परवा विचारत आला. मी म्हटले, काढ. त्याने आत्तापर्यंत सहा गाई काढल्या आहेत, आणि प्रत्येकीला नाव दिले आहे. एकीचा कान फाटलेला आहे. तो कशाने फाटला ते मी त्याला विचारले, तेव्हा तो मला अर्धा तास सांगत होता.