निदानापूर्वीची व्याधी आणि अनन्यता

व्याधी असह्य होते ती केवळ वेदनेमुळे नव्हे. तिला नाव नसणे हेही एक स्वतंत्र दुःख होय. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा कण्याचा विकार घ्यावा. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. पहाटे कंबर लाकडासारखी ताठरते, चालण्याफिरण्याने सैल होते आणि विश्रांतीने उलट बळावते. क्ष-किरणचित्रात त्याची खूण उमटण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. १९७३ साली एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाशी त्याचा संबंध उघड झाला, एमआरआय तपासणीत सूज लवकर दिसू शकते. तथापि अनेक रोग्यांची वर्षानुवर्षे दवाखान्यांच्या पायऱ्या झिजविण्यात जातात. ‘चित्रात काही नाही’ याचा अर्थ घरची माणसे ‘अंगात काही नाही’ असा करतात. दुपारी नीट चालणाऱ्या तरुणाला पहाटे उठवत कसे नाही? रोगाला नाव मिळण्याआधी रोग्याला मात्र ‘आळशी’ हे नाव मिळते.

या काळात ‘तुझे कर्म’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जीव कर्मफळ भोगतो हे शास्त्र खरेच. परंतु कोणत्या कर्माचे कोणते फळ, हे जाणणारा एक परमेश्वर. जीव तर अनादि अविद्येने वेढलेला. तेव्हा दुसऱ्याच्या अंथरुणाशेजारी बसून त्याच्या कर्माचा निवाडा करणारा आपल्याजवळ नसलेले ज्ञान मिरवितो. ‘अजून कळले नाही’ म्हणणारा वैद्य त्याहून सत्याच्या जवळ असतो. कर्मविचार हा स्वतःच्या अनुतापासाठी आहे.

उपदेशी मनुष्यापुढचे खरे संकट याहून सूक्ष्म आहे. शेजारी अंगारा, नवस, देवऋषी सुचवितात, आई रडते. येथे ‘देवता काही देत नाहीत’ असे म्हणून सुटता येत नाही. आपल्या शास्त्राने देवतांचे फलदातृत्व नाकारलेले नाही. त्या आपापल्या मर्यादेतले फळ देतात, मोक्ष देत नाहीत. म्हणजे नकार देणारा कदाचित मिळू शकणारा आराम नाकारीत असतो, आणि तोही रोगाचे नाव ठाऊक नसताना. अनन्यतेचे मोल तेथे कळते. निरोगी माणसाचे त्याविषयीचे निरूपण फार स्वस्त असते!

मग औषध हीही अन्यभक्तीच नव्हे काय, असे काही साधनवंत विचारतात. नव्हे. वैद्यापुढे हात करावयाचा तो नाडीसाठी, जोडण्यासाठी नव्हे. ज्या देहाने स्मरण घडावयाचे त्याला काय झाले आहे हे विचारणे ही देहासक्ती ठरत नाही.

निदान झाल्यावरही ही व्याधी समूळ जात नाही. औषधे आणि रोजचा व्यायाम मागे लागतो. फार वेळ एका आसनी बसवत नाही. असा मनुष्य निरूपण चालू असता मधेच उठतो आणि सभेच्या मागे हळूहळू फेऱ्या घालीत उरलेले ऐकतो.